तालमीतली कमाई हृदयाला किती दिवस पुरते?

प्रश्न: वय ४७, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर. पंधरा ते चोवीस या वयात तालमीत होतो. रोज पाचशे बैठका आणि तीनशे जोर व्हायचे. आता भांड्यांचं दुकान आहे, सकाळी दहा ते रात्री नऊ गल्ल्यावर. उंची पाच फूट आठ इंच, वजन ९४ किलो, कंबर ४१ इंच. बीपीची एक गोळी चालू आहे, तरी १४६/९२ भरतं. तीन महिन्यांची साखर ६.३ आली. तंबाखू दिवसातून चार-पाच वेळा होते. दोन महिन्यांपूर्वी थोरल्या भावाला ५३ व्या वर्षी हार्ट अटॅक आला, स्टेंट घातला, तेव्हापासून घरचे मागे लागलेत. रविवारी शंभर बैठका आणि पन्नास जोर अजून मारतो. रोज सकाळी पाऊण तास रंकाळ्यावर असतो, पण बायको म्हणते तुम्ही चालत नाही, गप्पा मारता. एवढी मेहनत केलेल्या अंगाला आता वेगळ्या व्यायामाची गरज आहे का? व्यायाम करतानाच माणसं कोसळतात असं ऐकतो, त्याचं काय? आणि दादाला सोबत नेलं तर चालेल का?

उत्तर: पैलवान, स्पष्टच सांगायचं तर तालमीतल्या त्या नऊ वर्षांतलं तुमच्या हृदयाकडे आज काहीच शिल्लक नाही. खांद्यांची रुंदी, मानेची जाडी, बैठक मारायची ढब एवढं राहिलं असेल. रक्तवाहिन्यांचं तसं नसतं. हार्वर्ड विद्यापीठातून शिकून गेलेल्या सुमारे १७ हजार पुरुषांची पाहणी राल्फ पॅफेनबार्गर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. कॉलेजच्या संघातून खेळलेले पण पुढे बैठं आयुष्य काढलेले जे होते, त्यांना जुन्या खेळाचा आधार मिळाला नाही. उलट कॉलेजात मैदानाकडे फिरकलेही नव्हते, पण पुढे अंग हलवायला लागले, त्यांना अटॅक कमी आले.

असं का होतं, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं वेळापत्रक जाच वाटणार नाही. तुम्ही झपझप चालता तेव्हा रक्ताचा वेग वाढतो आणि ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जातं. त्या घासण्यानं अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि वाहिनी सैल होते. चालून आल्यावर काही तास बीपी थोडं खाली राहतं ते यामुळेही. दुसरीकडे, राबलेला स्नायू रक्तातली साखर जास्त ओढून घेतो. हा गुण साधारण एक ते दोन दिवस टिकतो, मग उतरतो. म्हणून या व्यायामाला एकच कडक नियम आहे: लागोपाठ दोन दिवस खाडा नको. तुमची ६.३ ही साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावरची आहे, तेव्हा तुम्हाला तर हा नियम दुप्पट लागू.

तिसरी गोष्ट नाडीची. तुमची नाडी पत्रात नाही. समजा स्वस्थ बसल्यावर मिनिटाला ८० आहे. काही महिने नियमित व्यायाम केल्यावर ती ७२ वर येणं अवघड नाही, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. मिनिटाला ८ म्हणजे दिवसाला ११,५२० ठोके कमी. चालण्याच्या चाळीस मिनिटांत जास्तीचे पडलेले अठराशे वजा केले तरी साडेनऊ हजारांवर ठोके वाचले. यात नुसती मेहनत वाचत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त बहुतेक दोन ठोक्यांमधल्या ढिलाईतच मिळतं, कारण आवळताना तो आपल्याच वाहिन्या दाबून धरतो. नाडी उतरली की ही ढिलाई लांबते. सगळ्यांना वाढून शेवटी स्वतः जेवणाऱ्या घरच्या बाईला जरा सावकाश जेवता यावं, तसं.

व्यायामानं काय होत नाही, तेही ऐका. साचलेलं ब्लॉकेज विरघळत नाही. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, चालण्यानं फारसं उतरत नाही, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, उतरतं. त्यामुळे डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल किंवा देतील, तर 'मी आता चालतो की' म्हणून ती बंद करायची नाही. बीपीचंही तेच. बीपी वाढलेल्यांत नियमित एरोबिक, म्हणजे चालण्या-पळण्यासारख्या दमाच्या, व्यायामानं वरचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरतो. गोळीला तो जोडीदार आहे, बदली कामगार नाही.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. अमेरिकेत डॅलस इथं १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची ताकद तेवढ्यात पाव हिश्श्याहून जास्त घटली. तेच पाच जण पन्नाशीला आल्यावर पुन्हा तपासले. वजनं वाढलेली होती, पण तीस वर्षांच्या वयानं केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यापेक्षा कमी निघाली! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, हलकं पळणं, सायकल असा व्यायाम दिला. शेवटी आठवड्याला साडेचार तासांपर्यंत नेला, आणि वयानं गेलेली ताकद भरून निघाली. तुम्ही ४७ चे आहात. उशीर झाला असं समजायचं कारण नाही.

रंकाळ्याकडे येऊ. वहिनींचं म्हणणं बहुधा खरं आहे, पण भांडण नको, मोजून बघा. रंकाळा टॉवरपासून निघा आणि पाच मिनिटं नेहमीसारखं चाला. मग घड्याळ लावून १५ सेकंदांत पावलं किती पडतात ते मोजा. २५ पडली, म्हणजे मिनिटाला १००, तर ते हृदयाच्या कामाचं चालणं. १८-२० पडली तर ती हवा खाणं झाली. हवा खाणं वाईट नाही, मन मोकळं होतं, पण ते या हिशोबात धरायचं नाही. दुसरी परीक्षा बोलण्याची: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. पेठेतलं राजकारण सविस्तर सांगता येत असेल, तर वेग कमी आहे.

तिसरी परीक्षा नाडीची. २२० तून वय वजा केलं की १७३. मध्यम व्यायामासाठी त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १११ ते १३१. थांबल्या थांबल्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, २८ ते ३३ ठोके हवेत. उशीर केलात तर आकडा खोटा येतो, कारण नाडी थांबताच उतरायला लागते. एक अट आहे. बीपीच्या गोळीचं नाव 'लॉल'नं संपत असेल, मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल, तर ती गोळी नाडी मुद्दाम दाबून ठेवते. मग हा आकडा गाठायच्या मागे लागू नका, बोलण्याची परीक्षाच खरी धरा.

मोबाइलमधल्या दहा हजार पावलांचं ओझंही डोक्यावरून उतरवा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला, वैद्यकातून नव्हे. दुकानात पातेली काढताना पडलेली पावलं अंगाला चांगलीच, पण गल्ला ते माळा या चालण्यात दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा. तो १५० चा आकडा धरा.

आता कोसळण्याची भीती. ती खोटी नाही, पण तुम्ही ती चुकीच्या दिवसावर लावताय. अमेरिकेत अटॅक आलेल्या रुग्णांना 'आदल्या तासाभरात काय करत होता' असं विचारून एक अभ्यास १९९३ मध्ये छापला गेला. एरवी व्यायामच न करणाऱ्यांत एकदम जड मेहनतीनंतरच्या तासाभरात धोका नेहमीच्या शंभर पटींहून जास्त होता. आठवड्यातून पाच किंवा अधिक दिवस व्यायाम करणाऱ्यांत तो अडीच पटींच्या आत. एखाद्या तासाचा मूळ धोका फारच लहान असतो, त्यामुळे शंभर पट ऐकून हातपाय गाळायला नकोत. पण दोन आकड्यांतला फरक बघा. सहा दिवस गल्ल्यावर आणि सातव्या दिवशी एका दमात शंभर बैठका, हा तुमचा रविवार पहिल्या गटाच्या जवळ जातो. जुलैत मित्रांनी ओढलं म्हणून पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला तयारीशिवाय निघणं त्याच जातीचं.

जोर-बैठका सोडा असं मात्र आम्ही म्हणणार नाही. तालमीत वस्ताद समोर उभे राहून पाचशे बैठका लयीत, श्वास सोडत मारून घ्यायचे, तेव्हा तो दमाचाही व्यायाम होता. आज तुम्ही बहुधा सहा-सात मिनिटांत उरकता आणि शेवटच्या वीस दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून निघतात. श्वास कोंडला की छातीतला दाब चढतो आणि १४६ वरचं बीपी तेवढ्या वेळात दोनशेच्या पार जाऊ शकतं. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस, चालून झाल्यावर, दहा-दहाच्या तीन फेऱ्या बैठका आणि आठ-आठच्या दोन फेऱ्या जोर. मध्ये दीड मिनिट थांबायचं. वर येताना तोंडानं श्वास सोडायचा. ९४ किलोच्या गुडघ्यांना पूर्ण खाली बसायची घाई नको, पाठीमागे स्टूल ठेवा आणि त्याला टेकून उठा. ज्या आठवड्यात बीपी १६०/१०० च्या वर असेल, त्या आठवड्यात जोर बंद. १८०/११० ला पोचलं तर चालणंही बंद आणि डॉक्टरांकडे.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटायचंच आहे, ते टाळू नका. सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक आला हे तुमच्या फाइलवर ठळक लिहायला लागतं. सोबत बीपी, साखर, तंबाखू आणि कंबर; आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, तुमची १०४ आहे. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, आणि ईसीजी होईल. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, लागेल का ते डॉक्टर ठरवतील. एक गैरसमज काढून ठेवतो: झोपून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे वाहिन्या मोकळ्या, असं नसतं. जिना चढताना छातीवर दडपण येतं आणि थांबल्यावर जातं का, हे तुम्हाला विचारतील. तिथं पैलवानकी दाखवू नका, येत असेल तर हो म्हणा.

मंजुरी मिळाली की पहिले दोन आठवडे पाच दिवस, वीसच मिनिटं: पाच सावकाश, दहा शंभर पावलांच्या वेगानं, पाच पुन्हा सावकाश. हे तुम्हाला पोरखेळ वाटेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही दुप्पट कराल. नेमकी हीच चूक जुने खेळाडू करतात. मनाला तालमीतलं अंग आठवत असतं आणि ओझं मात्र आजच्या घोट्यांना सोसायचं असतं. मग नडगीच्या पुढच्या बाजूला किंवा टाचेत दुखणं सुरू होतं, आठवडा सुटतो, तो परत जुळत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मधली दहा मिनिटं वीस करा, पाचव्यापासून आठव्यापर्यंत तीस. इथं तुमचे १५० भरले. नवव्या आठवड्यापासून पाचपैकी दोन दिवस मधल्या तीस मिनिटांत चढ-उतार घाला: दोन मिनिटं १५ सेकंदांना २९-३० पावलांचा वेग, तीन मिनिटं नेहमीचा, असं पाच-सहा वेळा. शेवटची पाच मिनिटं सावकाश चालणं कधीच गाळू नका. पायांतल्या वाहिन्या उघडलेल्या असताना एकदम बाकावर बसलं की रक्त खाली साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळीवर असलेल्यांना तर जास्तच.

पायात कोल्हापुरी चप्पल नको. तिचा तळ सपाट आणि कडक, टाच मोकळी, झपझप चालताना बोटांनी ती धरून ठेवावी लागते आणि पोटरी भरून येते. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात; पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टात रंकाळा विसरायचा. झड लागली की चार दिवस थांबत नाही आणि तिथंच लोकांची सवय मोडते. घरात १५ सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी किंवा पाट घ्या. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे टक-टक ठेका देणारं अ‍ॅप, लावा, मिनिटाला ८० ठोके: एका ठोक्याला उजवा वर, मग डावा वर, उजवा खाली, डावा खाली. दर पाच मिनिटांनी सुरुवातीचा पाय बदला. हे वीस मिनिटं जमलं की पावसाळा निभावला. गुडघा कुरकुरला तर पाट काढा, जागेवरच पाय उचलत चाला. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे पाचला जायची फुशारकी नको. थंडीत वाहिन्या आवळतात, बीपी चढतं. उन्हं वर आल्यावर जा, कानटोपी आणि स्वेटर घालून.

खुराकाचं थोडं. तुमच्या वजनाला चाळीस मिनिटांच्या झपझप चालण्यात साधारण अडीचशे कॅलरी जातात. कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा एक पेला, साखर न घालता, तेवढाच भरतो. चालून आल्यावर दूध आणि वर बदाम थंडाई घेतली की वजनकाटा हलणार नाही, आणि तुम्ही म्हणाल व्यायामाचा उपयोग नाही. वजन हललं नाही तरी बीपी, साखर आणि रक्तवाहिन्यांना फायदा होतोच, पण कंबर कमी करायची असेल तर पैलवानाचा खुराक पैलवानकीसोबतच सोडायला हवा होता. तांबडा-पांढऱ्यावर आडवा हात मारल्यावर दोन तास झपझप चालू नका. दहा मिनिटं रमतगमत शतपावली मात्र कराच, साखरेला बरी.

तंबाखूवर फार शब्द घालवत नाही. ती वाहिन्या आवळते, नाडी वाढवते, आणि कितीही चाललात तरी तिचं नुकसान त्यातून वळतं होत नाही. निदान चालण्याआधी आणि बीपी मोजण्याआधी अर्धा तास तरी तोंडात नको, नाहीतर दोन्ही आकडे खोटे. सोडायची असेल तर डॉक्टरांना त्याच भेटीत सांगा, त्यावर औषधं आहेत.

कॅलेंडरवर दोनच नोंदी करा: सकाळी उठल्यावर अंथरुणातच पूर्ण मिनिटभर मोजलेली नाडी आणि आठवड्यातून दोनदा बीपी, पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीवर टेकवून. बारा आठवड्यांनी तो कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही ते ठरवतील; तुम्ही ठरवू नका.

आणि हे घरच्यांनाही वाचून दाखवा. चालताना छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही आलं तर जागीच बसायचं. थांबल्यावर गेलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर. पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८ ला फोन. पित्त झालंय म्हणून सोडा पिणं नको, स्वतः मोटारसायकल मारत दवाखान्यात जाणं तर अजिबात नको.

दादाला नेता येईल, पण त्यांचा वेग आणि मिनिटं त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. त्यांनी तुमच्या पावलाला पाऊल लावायचं नाही आणि तुम्ही त्यांच्या वेगावर आळसायचं नाही. तोडगा सोपा आहे. दोघं टॉवरपासून एकत्र निघा. तुम्ही तीन मिनिटं झपझप पुढे जा, मग वळून त्यांच्याकडे या, पुन्हा पुढे जा. तुमचा वेग मोडत नाही, ते एकटे पडत नाहीत. प्रत्येक वेळी जवळ आलात की त्यांना एक वाक्य बोलायला लावा. अर्ध्यात श्वास तुटला तर दोघांनीही बाकावर बसा. त्यांच्या स्टेंटनंतरच्या गोळ्यांची चिठ्ठी तुमच्या खिशात असू द्या, आणि जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती त्यांच्या.